आरुशापलीकडचं उरलंसुरलं

आरुशाहून सफारीला निघताना हातात एक छापील कागद देतात. डावीकडे प्राण्यांची नावं, उजवीकडे रिकामे चौकोन. दिसला की खूण करायची. सिंह, हत्ती, रानरेडा, बिबट्या आणि गेंडा हे पाच सगळ्यांत वर, जाड अक्षरांत. हा मान त्यांना शिकाऱ्यांनी दिला, पायी पाठलाग करून मारायला हे पाच सर्वांत धोक्याचे म्हणून. बंदूक गेली तरी मानपान राहिला. कागदाची मागची बाजू कोरी असते. खालच्या नोंदी त्या बाजूच्या. क्रम लावलेला नाही, आणि मध्येच टांझानियाची हद्द ओलांडून केनियात गेले आहे, काही वेळा त्याहून लांब.

तंबू. तंबूची सफारी म्हणजे छत वर उचलता येणारी एक लँड क्रूझर, एक चालक जो वाटाड्याही असतो, एक स्वयंपाकी, आणि रात्री सार्वजनिक तळावर ठोकलेले बुटके तंबू. सेरेंगेटीत सेरोनेराच्या तळांना कुंपण नाही. जाळी आहे ती स्वयंपाकघराला, कारण तरस आणि बबून भांड्यांपर्यंत येतात. थोडक्यात, पोळ्या पिंजऱ्यात आणि माणसं बाहेर. नगोरोंगोरोच्या कड्यावर, दोन हजार मीटरांहून उंच असलेल्या सिंबा तळावर, हत्ती पाण्याच्या टाकीपाशी येऊन सोंड घालतो आणि दात घासणारे लोक मागे सरकतात. हे सगळं अजून आहे. पण ‘तंबू’ हे नाव आता लाकडी जमीन, पलंग आणि न्हाणीघर असलेल्या महागड्या निवासांनी घेतलं आहे, आणि साध्या तंबूत झोपणाऱ्याकडे थोडं कीव केल्यासारखं बघतात.

हमाल. 1909 साली थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचं अध्यक्षपद सोडून पूर्व आफ्रिकेत शिकारीला आले, तेव्हा त्यांच्या तांड्यात अडीचशेच्या आसपास हमाल होते. एका डोक्यावर 60 पौंड, म्हणजे 27 किलो, हे ठरलेलं माप. तंबू, कातडी टिकवायला मीठ, अध्यक्षांची पुस्तकांची पेटी. स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राणी-पक्ष्यांचे अकरा हजारांहून अधिक नमुने गेले. प्रत्येकाला क्रमांक आहे, चिठ्ठी आहे. हमालांची नावं शोधायला बसावं तर हाती फार थोडी लागतात.

किरकोळ सामान. रॉकेलचा कंदील. गाडीच्या नाकावर टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी, जी वाऱ्यानं गार राहायची. झाडाला बांधलेल्या बादलीखालची अंघोळ. उरलंय ते इनॅमलचा मग आणि पहाटे तंबूच्या दाराशी ठेवलेलं गरम पाण्याचं घमेलं, तेही सगळीकडे नाही. चपाती मात्र पक्की आहे. मोंबासाहून रेल्वे बांधायला गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांबरोबर ती गेली. तिथं ती मैद्याची, तेलाची, पदरापदरांची झाली आहे, आणि तळावरचा स्वयंपाकी आपल्यालाच तिची ओळख करून देतो. मान हलवावी आणि खावी. चांगली असते.

किलिमांजारोचं बर्फ. 1912 साली होतं त्यातलं जवळपास 85 टक्के शतकभरात गेलं. सगळं वितळून गेलं असं नव्हे. त्या उंचीवरच्या कोरड्या हवेत बर्फाची थेट वाफ होते, आणि ही घट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. युनेस्कोच्या 2022च्या अंदाजाप्रमाणे 2050पर्यंत उरलेलंही जाईल. सफारीच्या गाड्यांच्या दारांवर रंगवलेल्या डोंगराची पांढरी टोपी मात्र अजून पुरती आहे.

लांब सुळे. एकेका सुळ्याचं वजन 100 पौंडांच्या वर, म्हणजे 45 किलोहून जास्त. अशा हत्तीनं मान खाली घातली की सुळे जमिनीला टेकतात. उत्तर केनियातल्या मार्साबिटचा अहमद असा होता. 1970 साली अध्यक्ष जोमो केन्याटा यांनी खास फर्मान काढून त्याला संरक्षण दिलं आणि पहारा बसवला. 1974 साली तो म्हातारपणानं मेला. त्सावोच्या साताओला 2014 साली विषारी बाणानं मारलं. सुळ्यांसाठी त्याचा चेहराच कापून नेला होता, त्यामुळे ओळख पटवणं अवघड गेलं. अंबोसेलीचा टिम 2020 साली आपल्या मरणानं गेला, पन्नाशीत. आता असे हत्ती साऱ्या आफ्रिकेत मिळून काही डझन. प्रत्येकाला नाव आहे. ज्या जनावराला नाव पडतं त्याचे थोडेच उरलेले असतात, असं मला सफारीत वाटू लागलं.

केनियात 1977पासून शिकारीला बंदी आहे. टांझानियात परवाना काढून शिकार करता येते. अंबोसेलीचे नर दोन्हीकडे चरतात. 2023-24मध्ये त्यांतले काही मोठ्या सुळ्यांचे नर टांझानियाच्या बाजूला परवान्याच्या बंदुकीनं पडले. पन्नास वर्षं ज्यांचे जन्म, आया, मावश्या संशोधकांनी लिहून ठेवल्या त्या कळपांतले.

मोझांबिकच्या गोरोंगोसात 1977 ते 1992 या यादवीच्या काळात नव्वद टक्के हत्ती गेले. सैन्यं मांस खात होती आणि सुळे विकून बंदुका घेत होती. यादवीआधी तिथल्या माद्यांत बिनसुळ्यांच्या 18 टक्क्यांच्या आसपास होत्या. यादवीतून वाचलेल्या माद्यांत निम्म्या. त्यांच्या लेकींतही हे उतरलं आहे. बिनसुळ्याचे नर मात्र दिसत नाहीत, कारण ज्या जनुकीय बदलामुळे मादीला सुळा येत नाही तोच नराच्या गर्भाला मारक ठरतो.

याच नोंदीत मुंबईही यायला हवी. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून निघालेल्या हस्तिदंताचा मोठा वाटा मुंबईला उतरायचा. काही पुढे लंडनला जायचा, काही इथंच राहून नवऱ्या मुलींच्या चुड्यांसाठी कापला जायचा. मुंबई बंदराचा इतिहास लिहिताना आपण कापसाला आणि अफूला पानंच्या पानं देतो. सुळ्यांची गोष्ट उरकून टाकतो.

प्लास्टिकची पिशवी. केनियात 2017पासून बंद, टांझानियात 2019पासून. उतरताना विमानतळावरच सोडावी लागते. चिवड्याला डबा न्यावा.

चित्त्याची पिल्लं. गाडीच्या टपावर चढून बसलेला चित्ता हे केनियातल्या मासाई माराचं सगळ्यांत लाडकं छायाचित्र. त्याच मारात 2013 ते 2017 या काळात संशोधक फेम्के ब्रूखाउस यांनी चित्त्यांच्या वेतांचा हिशेब ठेवला. जिथं पर्यटक कमी, तिथं एका वेतातली सरासरी दोनाहून अधिक पिल्लं आपली आपण फिरू लागेपर्यंत जगली. जिथं गाड्यांची गर्दी, तिथं सरासरी 0.2, पाच वेतांमागे एक पिल्लू. गाड्या पिल्लं चिरडत नाहीत. घोळका जमला की मादी शिकार सोडून बसून राहते, पकडलेली शिकार तरसाला किंवा सिंहाला कळते, पिल्लं उघड्यावर पडतात. मोठे चित्ते तेवढेच दिसत राहतात, म्हणून पाहुण्याला काही कमी झाल्याचं कळत नाही. आमच्या चालकानं एकदा लांबूनच गाडी वळवली. मागच्या बाकावरून कुरकुर झाली, तिच्यात माझाही आवाज होता. तो काही बोलला नाही.

चित्तेवान. हा माणूस आफ्रिकेतला नाही, कोल्हापूरचा. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तेव्हा, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात, कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले, हरणांच्या शिकारीसाठी. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा, झापड काढायची, बोट दाखवायचं. काळवीट खाली पडलं की चित्त्याला त्याचा वाटा देऊन पुन्हा झापड. हे शिकवणारी माणसं पिढीजात होती, खाटेशेजारी चित्ता बांधून झोपत. संस्थानं गेली आणि त्यांच्या पगाराची सोय गेली. 1952 साली भारत सरकारनं चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. 2022मध्ये नामिबियाहून आठ आणि 2023मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते कुनोत आले. त्यांच्या गळ्यात पट्टे आहेत, उपग्रहाला कळणारे. चित्तेवानाची जागा भरायचं कारण उरलेलं नाही.

मध दाखवणारा पक्षी. नगोरोंगोरोच्या दक्षिणेला एयासी सरोवराकाठी हाद्झा लोक राहतात, हजार-दीड हजार असतील. त्यांतले थोडेच अजून शिकार आणि कंदमुळांवर जगतात. हाद्झा माणूस शीळ घालतो. हनीगाइड नावाचा चिमणीहून थोडा मोठा, रंगानं अगदी बेताचा पक्षी किलबिलत पुढे येतो, झाडामागून झाड घेत जातो आणि मधाच्या पोळ्याजवळ गप्प होतो. माणूस धूर करतो, पोळं फोडतो, मध नेतो. उरलंसुरलं मेण पक्ष्याच्या वाट्याचं. पक्ष्याला कोणी पाळलेलं नाही. पिंजरा नाही, दोरी नाही. उत्तर केनियातल्या बोराना लोकांच्या बाबतीत 1989 साली मोजून पाहिलं होतं: पक्षी सोबत असला तर पोळं सरासरी तीन तासांच्या थोडं पुढे सापडतं, नसला तर नऊ तासांच्या आसपास. मोझांबिकमधल्या याओ लोकांची हाक निराळी, घशातून घुरघुर काढून शेवटी हुंकार. तिथल्या पक्ष्याला तीच कळते. ती हाक ऐकली की वाट दाखवायला येण्याची शक्यता दुप्पट होते, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं.

साखर दुकानात मिळू लागली की हाक मारणारे कमी होतात. हाक थांबली की काही वर्षांनी पक्षीही वाट दाखवणं सोडतो. केनियाच्या कितीतरी भागांत हे होऊन गेलं आहे. पक्षी जिवंत आहे, भरपूर आहे, धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्याच्यापुढे ‘चिंता नाही’ असं लिहिलेलं आहे, आणि ते खरंच आहे. त्याची आणि माणसाची ओळख मोडली तर ती कुठल्या रकान्यात लिहायची, हे त्या यादीत ठरलेलं नाही. मला वाटतं, या रानांत सगळ्यांत वेगानं जातं ते असलंच, रकाना नसलेलं. ज्याला रकाना मिळाला त्याच्यासाठी निधी येतो, पहारा येतो, गळ्यात पट्टा येतो. बाकीच्याचं जाणं कळायलाच एक पिढी लागते.

गिधाडं. सफारीचा चालक सिंह शोधतो तो पुष्कळदा आकाशाकडे बघून. गिधाडं घिरट्या घालत असतील तर खाली मेलेलं आहे, झाडावर बसून राहिली असतील तर खाणारा अजून तिथंच आहे. हस्तिदंताच्या चोरांनाही हे कळतं, आणि वनरक्षकांनाही ते कळतं हे चोरांना कळतं. म्हणून हत्ती मारल्यावर प्रेतावर विष टाकतात. 2019च्या जूनमध्ये बोट्सवानात अशा तीन हत्तींभोवती 537 गिधाडं मरून पडली होती. गुरं मारणाऱ्या सिंहासाठी धनगर विष घालतो, त्यातही हीच मरतात. 2015च्या आढाव्यात आफ्रिकेतल्या आठपैकी सात जातींची घट तीन पिढ्यांत 80 टक्के किंवा अधिक निघाली. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांच्या मढ्यांवर आपली गिधाडं 1990च्या दशकात संपली, आणि गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या माळावरून ती कधी दिसेनाशी झाली हे सांगणारा माणूस आपल्याकडेही सापडत नाही.

आथी-कापुटेईची वाट. सेरेंगेटीच्या स्थलांतरावर चित्रपट निघतात. त्याच विल्डबीस्टांचं एक धाकटं स्थलांतर नैरोबीच्या दाराशी होतं. नैरोबी राष्ट्रीय उद्यान 1946 सालचं, शहराच्या बाजूनं कुंपण घातलेलं, दक्षिणेला मोकळं. तिथून आथी-कापुटेईच्या माळांपर्यंत 1970च्या दशकाच्या अखेरीस 26 हजारांहून अधिक विल्डबीस्ट पावसाच्या मागं ये-जा करत. 2014मध्ये तीन हजारही नव्हते. कोणी एका दिवशी येऊन मारले नाहीत. सामाईक जमिनीच्या वाटण्या झाल्या, तुकडे विकले गेले, घेणाऱ्यानं आपल्या तुकड्याला तार ओढली. त्यात घरं, खाणी, महामार्ग. केनियाभरात 1977 ते 2016 या काळात वन्य प्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले. त्यांतले बरेचसे राखीव रानांच्या बाहेर राहणारे होते, म्हणजे तंबूच्या सफारीत मोडत नसलेले.

सरकती वाळू. ओल्डुवायच्या दरीजवळ काळ्या ज्वालामुखी राखेचा एक चंद्रकोरी ढिगारा आहे. वारा त्याला वर्षाला सरासरी 17 मीटर पुढे नेतो. मागे राहिलेल्या जागांवर साल लिहिलेले खांब आहेत.

लेटोलीची पावलं. ओल्डुवायच्या दक्षिणेला लेटोलीत मेरी लीकी यांच्या तुकडीला 1978 साली 36 लाख वर्षांपूर्वीची पावलं सापडली. ओल्या राखेवरून दोन पायांवर गेलेल्यांची. अभ्यास झाल्यावर ती मातीखाली झाकली. त्या मातीत बाभळीचं बी होतं. झाडं उगवली, मुळं पावलांत शिरली. मग 1990च्या दशकात पुन्हा उकरून, मुळं काढून, कापडाचे आणि वाळूचे थर देऊन नव्यानं पुरली. त्यामुळे नगोरोंगोरोहून सेरेंगेटीला जाणारा प्रवासी वाटेतल्या संग्रहालयात साचा बघतो. खरी पावलं पुरलेली आहेत, टिकावीत म्हणून. या यादीतली एवढी एकच गोष्ट जपण्यासाठी नाहीशी केलेली आहे.

बोमा. काटेरी कुंपणाचं गोल आवार, आत शेणामातीची घरं, मधोमध गुरं. नगोरोंगोरोच्या कड्यावरून खाली सेरेंगेटीकडे उतरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसतात. पैसे भरून एकात जाता येतं, उड्यांचा नाच बघता येतो, मण्यांच्या माळा विकत मिळतात. बहुतेक सफारींच्या कार्यक्रमात ‘मासाई गाव, एक तास’ असं छापलेलं असतं.

1959 साली सेरेंगेटीतून मासाईंना उठवलं. तिथं फक्त जनावरं राहतील असं ठरलं, आणि बदल्यात शेजारच्या नगोरोंगोरोत माणूस, गुरं आणि वन्य प्राणी एकत्र राहतील असा कायदा झाला. त्याच वर्षी जानेवारीत मिखाएल ग्झिमेक हा जर्मन तरुण झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या विमानातून कळप मोजत असताना गिधाडाशी टक्कर होऊन मेला. त्याची कबर कड्यावर आहे, गाड्या तिथं थांबतात. त्यानं आणि त्याच्या वडिलांनी केलेल्या ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. सेरेंगेटी मेली नाही. त्यासाठी जे ठरलं होतं, ते हळूहळू मोडत गेलं. 1970च्या दशकात नगोरोंगोरोच्या विवराच्या तळातली वस्ती उठवली. 1975 साली शेती बंद केली, मध्ये काही वर्षं परवानगी दिली, पुन्हा बंद केली. पुढे विवरात गुरांना चाऱ्या-मिठासाठी उतरायलाही मनाई झाली.

2022पासून सरकार लोकांना सुमारे 600 किलोमीटरवरच्या म्सोमेरा गावी नेत आहे. तिथं घरं बांधून दिली आहेत, जमीन दिली आहे, आणि जाणं ऐच्छिक आहे असं सरकार सांगतं. मागे राहणाऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने मात्र आक्रसत गेले. सरकारची बाजूही आहे: 1959मध्ये इथं आठ हजारांच्या आसपास लोक होते, आता लाखाच्या घरात आहेत, गुरंही त्या मानानं. पण गर्दी मोजताना कड्यावरची हॉटेलं आणि दिवसाला उतरणाऱ्या गाड्या कोणी त्याच बेरजेत धरत नाही. 2024च्या ऑगस्टमध्ये शासकीय आदेशानं इथल्या गावांची नावंच यादीतून कमी केली. त्याआधी मतदारयादीतून इथली मतदानकेंद्रं गेली होती. हजारो मासाई सेरेंगेटीच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले. सफारीच्या गाड्या अडकल्या. आदेशाला न्यायालयानं स्थगिती दिली.

त्या रस्त्यानं जाताना आमच्या गाडीत मेळघाटची गोष्ट निघाली, उठवलेल्या कोरकू गावांची. चालक मासाई नव्हता, चाग्गा होता, किलिमांजारोच्या उताराकडचा. तो म्हणाला, मासाईंच्या गुरांबरोबर झेब्रे चरायचे, कारण गुराख्याच्या जवळ सिंह येत नाही. हे खरं की ऐकीव ते मी तपासलेलं नाही. पण लाल शुका पांघरलेला, काठी खांद्यावर आडवी घेतलेला पोरगा आणि वीसेक पावलांवर चरणारे झेब्रे, हे मी त्या उतारावर पाहिलं आहे. छापील कागदावर त्याला चौकोन नव्हता.

सिंह मारणारा तरुण. मासाई मोरानानं, म्हणजे तरुण लढवय्यानं, भाल्यानं सिंह मारला की त्याला नवं नाव मिळायचं, आणि आयाळीचं शिरोभूषण. आता मारला तर तुरुंग. 2007पासून अंबोसेलीच्या परिसरात अशाच तरुणांना ‘सिंहरक्षक’ म्हणून पगारावर घेतात. ते माग काढतात, सिंहांना मासाई नावं देतात, गुरं कुठं नेऊ नयेत ते फोनवर कळवतात. 2012पासून तिथं मासाईंच्या क्रीडास्पर्धा भरतात. भाला फेकायचा तो लक्ष्यावर. आठशे मीटरच्या शर्यतीतला विश्वविक्रमवीर डेव्हिड रुडिशा या स्पर्धांचा पाठीराखा आहे. माग काढण्याचं कसब टिकलं, कारण त्याला पगार आहे.

गोवेकर. नैरोबीचे पहिले खासगी डॉक्टर रोझेंडो रिबेरो हे गोव्याचे. झेब्र्यावर बसून रोग्यांकडे जात, तसं छायाचित्रही आहे. त्या काळात रेल्वे, जकात, पोस्ट, सरकारी कचेऱ्या यांतले कारकून मोठ्या प्रमाणात गोव्याचे, शिवाय शिंपी आणि आचारी. 1963 साली केनिया स्वतंत्र झाला, 1960च्या दशकाच्या अखेरीस परक्या नागरिकांच्या नोकऱ्यांवर निर्बंध आले, आणि बरेच जण ब्रिटनला, कॅनडाला गेले. नैरोबीत त्यांचे क्लब अजून आहेत.

रानकुत्री. आपल्या कोळसुंद्याची लांबची नातलग, अंगावर काळे-पिवळे-पांढरे ठिपके. सेरेंगेटीच्या माळावरून 1992च्या सुमारास पूर्ण गेली. रोगानं, की अभ्यासकांनी पकडून पट्टे घातल्याच्या ताणानं, यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. 2012पासून आणून सोडली. आम्हाला दिसली नाहीत.

गोरखचिंच. टांझानियातल्या तारांगिरे उद्यानात ती हवी तेवढी दिसते, आणि प्रत्येकीच्या बुंध्याला हत्तींनी कोरलेली खोबणी. कोरड्या ऋतूत पाण्यासाठी हत्ती तिची साल सोलून गाभा चघळतात. अरबांनी, पोर्तुगिजांनी किंवा हबशांनी आणलेली हीच झाडं वसईत आणि मुंबईत आहेत, तिकडच्या मानानं लहान वयाची. आफ्रिकेतली सगळ्यांत जुनी झाडं मात्र कोसळत आहेत. बोट्सवानातली चॅपमनची गोरखचिंच, जिच्या ढोलीत एकोणिसाव्या शतकातले प्रवासी एकमेकांसाठी पत्रं ठेवत, 2016च्या जानेवारीत पडली. दोन वर्षांनी आलेल्या अभ्यासात सर्वांत जुन्या 13 झाडांपैकी 9 झाडं बारा वर्षांत पूर्ण किंवा अर्धी मेलेली निघाली. हवामानाकडे बोट आहे, पण पुरावा अजून पुरता नाही. हे झाड मेलं की लाकूड उरत नाही, तंतूंचा ओला ढीग होतो आणि कुजून जातो. सांगाडासुद्धा मोजायला राहत नाही.

बुळकांडी. 1887 साली इटलीच्या सैन्यानं इरिट्रियात उतरवलेल्या गुरांबरोबर ती आफ्रिकेत शिरली. गुरं हिंदुस्थानातली होती, किंवा एडनहून घेतलेली. दहा वर्षांत रोग दक्षिण टोकाला पोचला. वाटेत नव्वद टक्के गुरं गेली, त्यांच्याबरोबर रानरेडे आणि विल्डबीस्ट. मासाई उपाशी मेले, वर देवीची साथ. युरोपीय प्रवाशांनी 1890च्या दशकात पाहून ‘अस्पर्श रान’ म्हणून लिहून ठेवलेली ओसाड माळरानं बऱ्याच अंशी या रोगानं रिकामी केलेली होती. झुडपं माजली, त्यांच्याबरोबर त्सेत्से माशी आली, आणि माशीमुळे माणूस परत येईना. पुढे त्याच जागांवर राखीव रानांच्या रेघा ओढल्या गेल्या.

1950-60च्या दशकांत सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचली. केनियातल्या मुगुगाच्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लोराइट यांनी सुधारलेली लस पुढे जगभर चालली. टोचलं गुरांना, वाचली रानातली वासरं. 1961 साली अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1977पर्यंत तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाल्लं, म्हणून वणवे कमी झाले, म्हणून झाडं वाढली. आज नदी ओलांडतानाचा जो कळप बघायला किनाऱ्यावर शंभर गाड्या रांगा लावतात, तो या लसीचा आहे. चालक हे सांगत नाहीत, आणि कागदावरही नसतं.

रोगाची शेवटची नोंद 2001 सालची, केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानरेड्यांत. 2011 साली बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग. विषाणूचे नमुने मात्र प्रयोगशाळांत राहिले. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेनं 2019 साली आपल्याकडच्या तीन हजारांहून अधिक कुप्या, त्यांतली जनुकीय माहिती उतरवून घेऊन, नष्ट केल्या. मोजक्या देशांत अजून काही आहेत, कुलुपाखाली. किती उरल्या, याचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो.